मे महिन्यात झोपणारी जांभळी आंबुशी

ऐन मे महिन्यात कोल्हापुरातल्या बऱ्याच गॅलऱ्यांतली जांभळी आंबुशी एकदम मान टाकते. पानं तपकिरी पडतात, देठ मऊ होऊन कुंडीच्या काठावर लोळतात आणि झाड गेलं असं समजून कुंडी उकिरड्यावर रिकामी होते. खरं तर ते झोपलेलं असतं. दोन बोटं माती उकरून बघा: बोटाच्या पेराएवढे, गुलाबीसर तपकिरी, खवल्यांवर खवले बसलेले, बेबीकॉर्नसारखे कंद हाताला लागतील. दाबून टणक लागले तर झाड जिवंत आहे. मऊ लागले आणि कुबट वास आला, तरच ते गेलं.

नर्सरीत हिला ऑक्झॅलिस म्हणतात. पूर्ण शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस ट्रायँग्युलॅरिस, माहेर दक्षिण अमेरिका. आपल्या कुंड्यांत न लावता उगवणारी पिवळ्या फुलांची आंबुशी, म्हणजे आयुर्वेदातली चांगेरी, हिची चुलत बहीण. स्टारफ्रूट म्हणून बाजारात येणारं कमरखही याच कुळातलं. पानांचा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा. हे आम्ल शरीरातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही पानं खाऊ नयेत. कुंडी मांजराच्या आणि शेळीच्या तोंडाला लागणार नाही अशीच ठेवावी.

लावताना पहिली चूक मातीत होते. पंचगंगेकाठची नुसती काळी माती पाण्यानं चिकट होते आणि सुकली की भेगाळते. कंदाला दोन्ही बाधतं. दोन भाग तांबडी माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि अर्धा भाग जाड वाळू असं मिश्रण करा. तळाला भोकं असलेल्या ६ इंची कुंडीत पाच-सहा कंद पुरतात. ते आडवे ठेवून वर इंचभर माती टाका. कुठली बाजू वर आली याची चिंता नको, कोंब आपली वाट काढतो. एकदा भरपूर पाणी द्या आणि मग पानं दिसेपर्यंत माती फक्त ओलसर राहू द्या. दोन ते चार आठवड्यांत घडी घातलेली, छत्रीसारखी मिटलेली पानं वर येतात.

या पानांकडे संध्याकाळी जरा निवांत बघावं. प्रत्येक पानाला तीन त्रिकोणी दलं असतात आणि अंधार पडू लागला की तिन्ही खाली झुकून देठाला टेकतात. दलाच्या बुडाशी इवलासा फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागून पाणी जातं, पेशी सैलावतात आणि दल त्या बाजूला झुकतं. सकाळी हाच प्रवास उलटा होतो. चार्ल्स डार्विननं १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर लिहिलेल्या ग्रंथात ऑक्झॅलिसच्या अशा झोपेच्या नोंदी आहेत.

हा सांधा माळ्याच्याही कामाचा आहे. भर दुपारी पानं मिटलेली दिसली तर ऊन जास्त होतंय किंवा माती सुकली आहे. आधी मातीत बोट घाला. ओल असेल तर कुंडी हलवा. पूर्वेच्या गॅलरीतलं दोन-तीन तासांचं सकाळचं ऊन हिला उत्तम. पश्चिमेच्या उन्हात पानांच्या कडा करपतात, तर घरात आत कोपऱ्यात ठेवली की देठ लांब, लुळे होतात आणि फुलं येत नाहीत.

वरची इंचभर माती सुकली की पाणी द्यावं. वाढ चालू असताना १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं) हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. त्याहून जास्त दिलं की नत्रानं पानंच माजतात.

आता झोपेचं. पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत थांबवा, वाळलेली पानं कापा आणि कुंडी कोरड्या सावलीत ठेवा. उन्हाळ्यापेक्षा जून-जुलैचा पाऊस जास्त कंद मारतो. पानं नसल्यामुळे मातीतलं पाणी ओढून बाहेर टाकायला कोणी नसतं, वरून पागोळ्या पडत राहतात, आणि झोपलेला कंद आठ दिवसांत कुजतो. पन्हाळा-गगनबावड्याकडे तर कुंडी पक्क्या छपराखालीच हवी. जूनच्या मध्याला हवा थंडावली की माती बदला, कंद सुटे करून पुन्हा लावा आणि थोडं थोडं पाणी सुरू करा.

पानाच्या पाठीवर बारीक जाळं आणि वर फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड. पानांची पाठ पाण्यानं धुवा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल साबणाच्या थेंबांसह संध्याकाळी फवारा. नारिंगी पुटकुळ्या म्हणजे तांबेरा. ती पानं बुडापासून काढून जाळा आणि पुढं पानांवर पाणी न पाडता मुळाशीच द्या.

जास्तीचे कंद शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्या, पण शेतात किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. हिच्या गुलाबी फुलांच्या भावंडांनी बागा आणि मळे असेच व्यापलेत: खुरपलं की बारीक कंद सुटे होतात आणि एका रोपाची दहा होतात. नको असलेले कंद पत्र्यावर पसरून मे महिन्याच्या उन्हात कुरकुरीत वाळवा, मगच कचऱ्यात टाका.