कामिकात्सु: घंटागाडी न येणाऱ्या गावाची पार्श्वभूमी

जपानच्या शिकोकू बेटावर, तोकुशिमा शहरापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर कामिकात्सु हे डोंगरी गाव आहे. लोकवस्ती जेमतेम १,४००, त्यात निम्म्याहून जास्त माणसे ६५ वर्षांपुढची. कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार वेगळे करणारे गाव म्हणून ते जगभर ओळखले जाते. बाहेरच्यांना ही जपानी शिस्तीची कमाल वाटते. पण या पद्धतीचे मूळ शिस्तीपेक्षा तिजोरीत आणि भूगोलात शोधावे लागते.

१९५५ मध्ये दोन खेडी एकत्र करून हे गाव बनले, तेव्हा इथे ६,००० हून अधिक लोक राहत. सपाट जमीन जवळजवळ नाहीच. ८५ टक्क्यांहून जास्त भाग जंगलाखाली, तेही मुख्यतः लावलेल्या ‘सुगी’ या जपानी झाडांचे, म्हणजे इमारती लाकडाच्या सरळसोट सूचिपर्णी झाडांचे. परदेशी लाकूड येऊ लागले आणि सुगीचा भाव पडला. उरली डोंगरउतारावरची संत्री. फेब्रुवारी १९८१ च्या कडाक्याच्या थंडीत ती झाडेही बहुतेक मेली. नवी बाग लावून फळ हाती यायला काही वर्षे जातात, आणि तेवढे थांबणे म्हाताऱ्या शेतकऱ्यांना परवडणारे नव्हते.

तिथल्या कृषी सहकारी संस्थेतले तरुण सल्लागार तोमोजी योकोइशी यांनी १९८६ मध्ये पाने विकण्याची कल्पना मांडली. जपानी उपाहारगृहांत ताटाच्या सजावटीसाठी मेपल, नान्तेन, पर्सिमन यांची पाने लागतात. त्यांना त्सुमामोनो म्हणतात. सुरुवातीला माल पडून राहिला, कारण पान नुसते सुंदर असून चालत नाही. ते वाटीत मावेल एवढेच हवे, सगळी पाने एका मापाची हवीत, किडीचे एकही भोक नको. शिवाय ताट ऋतूच्या थोडे पुढे असते, म्हणून तांबडे पान डोंगर तांबडा होण्याआधीच लागते. हे सगळे मोठ्या उपाहारगृहांत जाऊन शिकावे लागले. पुढे मागणी आधी फॅक्सवर आणि मग संगणकावर येऊ लागली. जो आधी होकार कळवेल त्याला काम, त्यामुळे सत्तरी-ऐंशीच्या आजीबाई सकाळीच पडद्यासमोर बसू लागल्या. हलकी पाने उचलायला ताकद लागत नाही, पण कोणते झाड कधी रंगते हे ठाऊक असावे लागते. म्हातारपण जिथे अडचण ठरत नाही असा हा व्यवसाय, आणि मला तो कचऱ्याच्या प्रयोगाहूनही मोलाचा वाटतो.

कचऱ्याचे म्हणाल, तर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तो गावातल्या खड्ड्यात उघड्यावर जाळला जाई. १९९८ मध्ये दोन छोट्या भट्ट्या बसवल्या. लगेच १९९९ मध्ये कचरा जाळताना तयार होणाऱ्या डायऑक्सिन या विषारी संयुगांविरुद्ध कायदा झाला, तो २००० पासून लागू झाला आणि त्या निकषांपुढे भट्ट्या टिकल्या नाहीत. मोठी भट्टी बांधायला पैसा नव्हता, सगळा कचरा बाहेर पाठवून जाळणेही महाग. मग जाळावा लागणारा कचराच कमी करायचा, एवढाच मार्ग उरला. १९९७ मध्ये ९ प्रकार वेगळे होत होते, २००१ मध्ये ते ३५ वर गेले. ‘शून्य कचरा’ची जाहीर घोषणा २००३ ची, म्हणजे काम आधी आणि घोषणा नंतर.

ओला कचरा गावात गोळाच केला जात नाही. १९९५ पासून घरोघरी खतयंत्रासाठी अनुदान आहे. बाकीचे सगळे धुऊन, वाळवून गावच्या कचरा केंद्रावर स्वतः नेऊन द्यायचे. ज्यांना नेणे जमत नाही, अशा वृद्धांसाठी वेगळी सोय आहे. वर्तमानपत्रांचा गठ्ठा कागदी सुतळीने बांधायचा. नायलॉनची दोरी असली तर कागदाच्या लगद्यात ती अडचण ठरते. दुधाचे खोके आतून पांढरे की चंदेरी, यावरून दोन वेगळे डबे. तेल किंवा अन्न चिकटलेले प्लॅस्टिक स्वच्छ प्लॅस्टिकमध्ये मिसळले तर सगळ्या ढिगाचा दर्जा उतरतो, म्हणून न निघणाऱ्या डागांसाठी निराळी पेटी. प्रत्येक पेटीवर तो माल कुठे जातो आणि किलोमागे गावाला किती येन मिळतात की उलट मोजावे लागतात, हे लिहिलेले असते. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेत हीच पाटी सर्वांत परिणामकारक. रद्दीचा भाव समजला की वेगळे करण्याचा अर्थही समजतो.

२०२० मध्ये केंद्राची नवी इमारत उभी राहिली. वरून पाहिले तर ती प्रश्नचिन्हाच्या आकाराची दिसते, लाकूड गावच्याच सुगीचे, भिंतींना लोकांनी दिलेल्या सुमारे ७०० जुन्या खिडक्या. त्याच वर्षापर्यंत जाळणे आणि पुरणे पूर्ण थांबवायचे ठरले होते, ते मात्र साधले नाही. सुमारे ८० टक्के कचरा पुन्हा वापरात जातो आणि तिथेच आकडा अडतो. उरलेल्यात डायपर, सॅनिटरी पॅड, पीव्हीसी, रबर, चामडे आणि वेगवेगळे पदार्थ घट्ट चिकटवून बनवलेल्या वस्तू. गावकऱ्यांनी कितीही धुतले तरी त्या सुटत नाहीत, कारण दोष कारखान्यातल्या रचनेत आहे. गावाच्या हातात आहे तेवढे ते करते: बाळ जन्मलेल्या घराला कापडी लंगोटांचा संच भेट म्हणून दिला जातो.