वाल्मीकींच्या लक्ष्मणाने रेषा आखलीच नव्हती

नाशिकला पंचवटीत सीतागुंफा पाहायला आलेला माणूस हमखास विचारतो, ‘लक्ष्मणरेषा कुठे आहे?’ वाल्मीकी रामायणात ती कुठेच नाही. रेषेची कथा नंतरची. तुलसीदासांकडेही सीताहरणाच्या प्रसंगी ती येत नाही, पुढे लंकाकांडात मंदोदरीच्या तोंडी तिचा उल्लेख येतो.

अरण्यकांडाच्या 45व्या सर्गात जे आहे ते रेषेहून कितीतरी जिवाला लागणारे आहे. रानातून रामाच्या आवाजात आलेली हाक रामाची नाही, ही राक्षसी माया आहे, हे लक्ष्मणाला पक्के ठाऊक असते. सीतेला सोडून जाऊ नकोस, ही रामाची आज्ञा. पण सीता त्याच्या हेतूवरच संशय घेते, गोदावरीत जीव देईन म्हणते. ‘तुम्ही माझे दैवत, मी उलट उत्तर कसे देऊ?’ असे तो हात जोडून म्हणतो. मनातून मात्र तो दुखावलेला, चिडलेलाही असतो. तिला चार कठोर शब्द सुनावतो. अखेर वनदेवतांवर तिचे रक्षण सोपवून, पुन्हा पुन्हा मागे वळून बघत निघतो.

रेषा आली की सारा दोष ती ओलांडणाऱ्या सीतेवर जातो आणि लक्ष्मणाची ही घालमेल पुसली जाते, हे मला फार खटकते. मूळ कथेत राम जाब विचारतो तो लक्ष्मणालाच: रागावलेल्या सीतेच्या बोलण्यावरून माझी आज्ञा का मोडलीस?