रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सचे धोके

चष्म्याचा नंबर नसतानाही, केवळ डोळे घारे, निळे किंवा करडे दिसावेत म्हणून लावल्या जाणाऱ्या मऊ लेन्सना रंगीत किंवा कॉस्मेटिक कॉन्टॅक्ट लेन्स म्हणतात. नागपुरात लग्नसराईत नवरीच्या मेकअपबरोबर त्या लावण्याची हौस असते. लेन्स शून्य नंबरची असली, तरी तिचा धोका शून्य होत नाही. अमेरिकेत २००५ पासून अशा लेन्सही कायद्याने वैद्यकीय उपकरणांत मोडतात, आणि ते योग्यच आहे.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात; ऑक्सिजन त्याला मुख्यतः हवेतून, अश्रूंवाटे मिळतो. लेन्स हा पुरवठा कमी करते. मापात न बसणारी लेन्स कॉर्नियाला घासते, बारीक ओरखडे पडतात आणि तिथून जंतू आत शिरतात. काही स्वस्त लेन्समध्ये रंग पृष्ठभागावरच असतो. त्याच्या खडबडीतपणाला जंतू चिकटतात. सर्वांत घातक जंतूंपैकी एक म्हणजे स्यूडोमोनास. त्याच्या संसर्गाने एक-दोन दिवसांतही कॉर्नियात खोल व्रण होऊ शकतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. कोरड्या हवेत अश्रू लवकर सुकतात, लेन्स कोरडी पडून डोळ्याला चिकटते, त्यात दुचाकीवर धूळ जाते. दिवसभराच्या विधींनंतर थकून लेन्स न काढताच झोपणे तर फारच वाईट: त्याने संसर्गाचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो.

लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये, मग ते पाणी कितीही स्वच्छ दिसो. त्यात अकँथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. क्लोरीनलाही तो दाद देत नाही, आणि त्याच्या संसर्गावरचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. एकीची लेन्स दुसरीने लावणेही तितकेच चूक.

डोळा लाल होणे, ठणकणे, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे ही लक्षणे दिसताच लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतही नेत्रविभाग आहे. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत, त्याने जंतुसंसर्ग बळावू शकतो. व्रण भरला तरी बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडून नजर अधू राहू शकते. मग नेत्ररोपणाची वेळ येते. काढलेली लेन्स आणि तिची डबी फेकू नये, डॉक्टरांकडे न्यावी. जंतू कोणता, हे तपासायला ती उपयोगी पडते.