उत्तर आलं नाही म्हणून एचसी-05 जळत नाही

एचसी-05 या ब्लूटूथ मॉड्यूलला ‘एटी’ ही तपासणीची आज्ञा पाठवून ‘ओके’ आलं नाही, म्हणजे मॉड्यूल गेलं, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. बहुतेक वेळा गेलेलं काहीच नसतं, बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग, चुकलेला असतो. एचसी-05 चं बटण आधी दाबून धरा, मगच सप्लाय द्या. दिवा दोन-दोन सेकंदांनी सावकाश लुकलुकला की 38400 वर बोला. सिरियल मॉनिटरमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एनएल आणि सीआर या ओळ संपल्याच्या दोन्ही खुणा निवडलेल्या हव्यात. एचसी-06 या दुसऱ्या मॉड्यूलचं उलट: वेग 9600, ओळीच्या शेवटी काहीच नको.

दोन एचसी-05 ची जोडी लावताना एकालाच रोल=1 (हा जोडणी सुरू करणारा) आणि सीमोड=0 (ठरलेल्या पत्त्यालाच जोडणारा) द्या. खरी गोची दुसऱ्याच्या पत्त्यात आहे. ‘एडीडीआर’ ही पत्ता विचारणारी आज्ञा तो कोलन घालून सांगते, पत्ता ठरवून देणाऱ्या ‘बाइंड’ला मात्र तोच स्वल्पविरामांनी तोडून लागतो. कोलन तसेच ठेवले की एरर!