अपग्रेडनंतर शेअर उघडेना: या दुखण्याची पार्श्वभूमी

शनिवारी रात्री फाइल सर्व्हर उबुंटू या लिनक्सच्या १८.०४ आवृत्तीवरून २०.०४ वर नेला. फायली तपासल्या, सगळं जागच्या जागी. सोमवारी सकाळी दहाला फोन सुरू: अकाउंट्सच्या जुन्या एक्सपी मशीनवर झेड ड्राइव्हला लाल फुली आहे आणि झेरॉक्स मशीन स्कॅन केलेलं पान फोल्डरमध्ये टाकत नाही. नव्या लॅपटॉपवर मात्र तोच शेअर, म्हणजे सर्व्हरवरचा सामाईक फोल्डर, बिनबोभाट उघडतोय. अशा वेळी पहिला हात परवानग्यांकडे जातो. कुणी फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन मोकळं होतं, कुणी फायरवॉलच बंद करतं. खरं कारण बहुतेकदा तिथे नसतंच. उबुंटूबरोबर सांबाही, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोज मशीनना उघडून देणारं सॉफ्टवेअरही, ४.७ वरून ४.११ वर गेलेलं असतं, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या ४.११ पासून एसएमबी-१ हा फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल मुळातच बंद असतो. एक्सपी आणि अशी जुनी झेरॉक्स मशीन नेमका तेवढाच बोलतात.

एसएमबी, म्हणजे सर्व्हर मेसेज ब्लॉक, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी रचलं. डॉसमधला प्रोग्रॅम आपल्या डिस्कवरची फाइल उघडतो, तशीच ती तारेपलीकडच्या मशीनवरची उघडावी, एवढीच मागणी होती. मायक्रोसॉफ्टने ते लॅन मॅनेजर या आपल्या नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये उचललं, वाढवलं, आणि दर वाढीला एक नवी ‘डायलेक्ट’, म्हणजे बोली, जोडली. हा शब्द खुद्द तपशीलपत्रातला आहे. क्लायंट आधी आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी पाठवतो, सर्व्हर त्यातली एक निवडतो. एसएमबी-१च्या काळात या यादीत ‘एनटी एलएम ०.१२’ अशी नावं असत. एकही बोली जुळली नाही तर संभाषण तिथेच संपतं. युजरनेम-पासवर्ड विचारायची पाळीच येत नाही, मग फोल्डरच्या परवानग्या बघणं तर दूरच. ७७७ देऊन काही का होत नाही, ते यावरून कळावं.

लिनक्स सर्व्हर या संभाषणात शिरला तो ऑस्ट्रेलियातून. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या अखेरीपासून तारेवरून जाणारी डेटाची पाकिटं न्याहाळत हा प्रोटोकॉल उलगडायला घेतला. हाती कागदपत्रं नव्हती, डोळ्यांसमोर फक्त बाइट. पहिलं नाव ‘एसएमबीसर्व्हर’ होतं, त्यावर दुसऱ्या एका कंपनीचा हक्क निघाला. मग त्यांनी शब्दांच्या फाइलमध्ये एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेले शब्द शोधले आणि ‘सांबा’ निवडलं. शब्द शोधणाऱ्या ‘ग्रेप’ कमांडने झालेलं बारसं दुसरं कुठलं असेल, मला तरी ठाऊक नाही.

२००६ मध्ये व्हिस्टाबरोबर एसएमबी-२ आलं. शंभराहून जास्त कमांड होत्या, त्या एकोणीसवर आल्या. पण जुनी बोली कुणी काढली नाही. नवी आली तरी जुनी चालूच, कारण कुठेतरी कुणाचं तरी मशीन तिच्यावर अडून होतं. हा मोह महागात पडला. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एसएमबी-१ मधलं भगदाड बुजवणारा पॅच दिला. तो न लावलेल्या मशीनमधून मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला. जूनमध्ये नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक हेच भगदाड होतं. त्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाला बसला आणि त्या समूहाच्या हाती असलेलं आपल्या जेएनपीटीमधलं टर्मिनलही अडलं.

त्यानंतर दारं भराभर बंद झाली. विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी-१चा सर्व्हर येईनासा झाला. लिनक्स कर्नल ४.१३ने माउंट करतानाची ठरलेली बोली १ वरून ३ केली. नेटवर्कला जोडलेल्या जुन्या स्टोरेज डब्यांवर विसंबलेल्यांना तेव्हा ‘होस्ट इज डाउन’ हा ११२ क्रमांकाचा एरर दिसू लागला. इतका दिशाभूल करणारा संदेश क्वचितच सापडेल: पिंगला उत्तर येतंय, डबा दिवे लुकलुकवत समोर बसलाय, आणि कर्नल म्हणतो तो मेलाय. एसएमबी-१बरोबर नेटवर्कमधल्या मशीनची यादी दाखवणारी जुनी ब्राउझर सेवाही गेली. त्यामुळे सर्व्हर ‘दिसत’ नाही, पण पत्ता टाइप केला की उघडतो. ही वेगळी तक्रार आहे, पहिलीत मिसळू नये.

२०२४च्या विंडोज ११ २४एच२ने आणखी एक पेच टाकला: डिजिटल सही असलेलीच पाकिटं हवीत. सहीची किल्ली लॉगिनमधून तयार होते. पासवर्डविना गेस्ट म्हणून शिरणाऱ्याकडे ती नसतेच. वर्षानुवर्षं ‘सगळ्यांना खुला’ असलेला शेअर तिथे अडतो. यावेळी बोली जुळलेली असते, अडतो तो सहीपाशी.

म्हणून आधी बोली बघावी. ज्या विंडोज मशीनवर शेअर उघडतोय तिथे पॉवरशेलमध्ये ‘गेट-एसएमबीकनेक्शन’ चालवलं की डायलेक्टचा रकाना दिसतो. सांबावर ‘टेस्टपार्म -व्ही’च्या यादीत ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ शोधावं. ती ओळ ‘एनटी१’ केली की एक्सपी आणि झेरॉक्स मशीन दोन्ही पाच मिनिटांत चालू होतात, आणि तेच २०१७चं दार पुन्हा किलकिलं होतं. झेरॉक्सला एफटीपी किंवा ईमेलवर स्कॅन पाठवता येत असेल तर मी ती ओळ हात न लावता सोडतो. एक्सपीवाल्या अकाउंट्सची समजूत काढायला मात्र जास्त वेळ लागतो.