पार्श्वभूमी : ‘एकवीस’ की ‘वीस एक’?

जून २०१९मध्ये महाराष्ट्रात इयत्ता दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक आले. त्यात एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्यांची नावे दोन प्रकारे दिली होती : एकवीस आणि वीस एक, त्रेसष्ट आणि साठ तीन. वाद विधानसभेपर्यंत गेला. मराठी मोडीत निघाली इथपासून मुलांना गणित आता तरी कळेल इथपर्यंत सगळे बोलून झाले. दशक म्हणजे काय हे मुलाला नेमके केव्हा आणि कशाने कळते, हा मूळ प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडला. त्याचा मागोवा घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते.

आपली संख्यानामे संस्कृतातून प्राकृतात आणि तिथून मराठीत आली, झिजत झिजत. ‘सप्तति’चे सत्तर झाले, पण जोडात ‘हत्तर’ : बहात्तर, शहात्तर. पन्नाशीत कुठे ‘वन्न’, कुठे ‘पन्न’ : बावन्न, त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न. एकटा दोनच बावीस, बत्तीस, बेचाळीस, बासष्ट, ब्याऐंशी अशी रूपे बदलतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘एक कमी’ची रीत चालते आणि नव्व्याण्णवला मोडते. हा अपवादही जुनाच आहे, कारण संस्कृतातही ‘नवनवति’ आहे. शिवाय बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी. ‘अंकानां वामतो गतिः’, म्हणजे अंकांची चाल डावीकडे, हे वचन याच उलट्या चालीचे आहे.

ही अडचण जुन्या शाळेला ठाऊक होती, असे उजळणीवरून दिसते. मुले नुसते ‘एकवीस’ म्हणत नसत. ‘दोनावर एक एकवीस, दोनावर दोन बावीस’ असे म्हणत. त्या एका ओळीत अंक कसे मांडायचे तेही होते आणि रूढ नावही. पावकी, निमकी, दिडकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पुढे घोकंपट्टी म्हणून उजळणीही मागे सरली. घोकंपट्टी ती होतीच. तरी तिच्याबरोबर एक पूल गेला आणि त्याच्या जागी बराच काळ काही आले नाही.

मुलाच्या मनातल्या संख्येचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकातला. जिनिव्हात झालेल्या आणि १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या कामातला प्रयोग आजही घरी करून पाहता येतो. आठ-आठ बटणांच्या दोन ओळी समोरासमोर लावायच्या, मग एक ओळ पसरवायची. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा लांब ओळीत बटणे जास्त आहेत म्हणते. सहा-सातच्या सुमारास ते सारखीच आहेत म्हणू लागते. १९७८मध्ये मोजणीची तत्त्वे मांडली गेली : प्रत्येक वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम पक्का, शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या. १९९०च्या अभ्यासांनी दाखवले की हे तिसरे तत्त्व उशिरा उमगते. मुलापुढे पंधरा चिंचोके ठेवून ‘तीन दे’ म्हणा. दहापर्यंत घडाघडा म्हणणारे अडीच-तीन वर्षांचे मूलसुद्धा मूठभर उचलून देते. आधी फक्त ‘एक’ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’; साधारण साडेतीन ते चारच्या दरम्यान मोजून देणे जमते. शब्द आधी पाठ असतो, अर्थ त्यात मागाहून भरतो.

दशकाचेही असेच आहे. सुट्या काड्या मुलाने स्वतः मोजायच्या, दहा झाल्या की रबर लावायचे, गठ्ठा पुन्हा सोडून दहाच आहेत ना ते पाहायचे. हे बांधणे-सोडणे पुष्कळदा झाल्यावरच दहा वस्तू एकाच वेळी ‘दहा’ही आणि ‘एक गठ्ठा’ही वाटू लागतात. दहा-दहाचे तयार दांडे घाईने हाती दिले की मूल दांड्यालाही ‘एक’ मोजते, आणि चार दांडे व तीन सुटे यांची बेरीज सात सांगते. ही चूक नावांची नव्हे, गठ्ठा न बांधल्याची.

आता २०१९चा निर्णय. त्याच्या बाजूने दोन कारणे दिली गेली : जोडाक्षरे आणि उलटा क्रम. पहिले मला लंगडे वाटते. ‘सत्त्याण्णव’ अक्षरांत लिहिणे सात वर्षांच्या मुलाला जड आहे हे खरे, पण तो लेखनाचा प्रश्न झाला. त्यासाठी ‘संख्या अक्षरांत लिहा’ हा प्रश्न वर्षभर पुढे ढकलला तरी पुरते. दुसरे कारण भक्कम आहे. ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ आणि ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात भेटतात. जर्मन भाषेतही एकक आधी येतो आणि तिथल्या मुलांचे अंकही असेच उलटतात. नॉर्वेने तर १ जुलै १९५१पासून शाळांसाठी आणि सरकारी कामासाठी ‘एक-वीस’ सोडून ‘वीस-एक’ ही रीत घेतली. निमित्त टेलिफोनचे आकडे सांगताना होणाऱ्या घोटाळ्याचे होते. तरीही जुनी रीत बोलण्यातून गेली नाही. आपल्याकडे कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे वीस-एकच. सोलापूर, अक्कलकोटकडे घरी कन्नड बोलणारे मूल दोन्ही क्रम कानावर घेऊनच वर्गात येते.

विरोधकांच्या आक्षेपांत संस्कृती बुडण्याची भीती फार आणि पाढ्यांचा मुद्दा थोडा होता. खरे वजन पाढ्यांना आहे. ‘तीन सत्ते एकवीस’ जिभेवर बसते ते लयीमुळे; ‘वीस एक’ने ती लय तुटते. दुकानात, बसमध्ये, आजीच्या तोंडी त्रेसष्टच असते, म्हणजे ते शिकणे टळत नाही. आणि नवे नाव आपली वेगळी चूक घेऊन येते : ‘साठ तीन’ ऐकून मूल ६०३ लिहिते. त्यावर उपाय साधा आहे. ६० लिहिलेले रुंद कार्ड खाली ठेवायचे आणि ३ चे अरुंद कार्ड त्याच्या शून्यावर ठेवायचे. शून्य झाकले जाते, ६३ दिसतात. कार्ड उचलले की खाली साठ तसेच असतात.

वीस एक हे समजावण्याचे नाव आणि एकवीस हे व्यवहाराचे नाव, अशी वाटणी सुरुवातीलाच ठसवली असती तर निम्मा वाद झालाच नसता. दोन्ही रीती चालतील हा खुलासा टीका सुरू झाल्यावर लोकांपर्यंत गेला, तोवर पालकांच्या मनात ‘जुने शब्द काढले’ हेच बसले होते.

२०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर पायाभूत संख्याज्ञानाला देशभर जोर आला. २०२१च्या केंद्रीय अभियानात पहिलीअखेर ९९पर्यंत आणि दुसरीअखेर ९९९पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात असे लक्ष्य आहे. त्यामुळे नावांचा प्रश्न दुसरीवरून पहिलीतच येऊन ठेपला. वर्गात तपासायचे तर एकाच संख्येवर चार गोष्टी करून घ्याव्यात : ‘त्रेसष्ट’ ऐकून लिहिणे, ६३ वाचणे, तेवढ्या काड्या गठ्ठ्यांनी मांडणे, आणि त्यातला एक गठ्ठा काढल्यावर किती उरल्या ते न मोजता सांगणे. पहिल्या दोन जमल्या आणि शेवटची अडली, तर नाव पाठ आहे आणि दशक अजून बांधायचे आहे. शेवटच्या दोन जमल्या पण ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिले, तर अडचण फक्त नावाची. तिथे ‘सहावर तीन त्रेसष्ट’ ही जुनी ओळ काही दिवस म्हणून घ्यावी.

अठ्ठ्याण्णवनंतर ‘एकोणशंभर’ म्हणणारे मूल तर हमखास भेटते. ते मूल शब्द चुकले, पण एकोणची रीत त्याला नीट कळली आहे. आधी रीत बरोबर आहे असे त्याला म्हणावे, मग नव्व्याण्णव सांगावे.