स्क्रू ड्रायव्हर खाचेतून घसरतो तेव्हा

आगीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आग शॉर्टसर्किटमुळे लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ शॉर्टसर्किट म्हणजे फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) या दोन तारा एकमेकींना थेट भिडणं. तसं झालं की करंट एकदम शेकडो अँपिअरवर उसळतो आणि धड असलेला एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. जळून काळं पडलेलं सॉकेट, वितळलेला थ्री-पिन टॉप, एमसीबीपाशी करपलेली वायर यांच्यामागे मात्र पुष्कळदा वेगळंच कारण असतं. टर्मिनलचा, म्हणजे वायर जिथे आवळून बसवतात तिथला, स्क्रू ढिला राहिलेला असतो.

३ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर करंट घेतो. ढिल्या सांध्याचा रोध ०.०५ ओहम इतका किरकोळ धरला, तरी करंटचा वर्ग गुणिले रोध या शाळेतल्या सूत्राने तिथे साडेआठ वॅट उष्णता तयार होते. ती सगळी हरभऱ्याएवढ्या पितळी तुकड्यात साठते आणि भोवती प्लॅस्टिक असतं. एमसीबी पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने करंट अजूनही १३ अँपिअरच आहे. सांधा तापतो, तांबं काळवंडतं, रोध आणखी वाढतो, सांधा आणखी तापतो.

स्क्रू ढिला का राहतो? आवळताना ड्रायव्हर खाचेतून घसरतो, डोकं खरवडलं जातं आणि ‘बसला आता’ म्हणून काम तिथेच थांबतं. म्हणून ड्रायव्हर घेताना मुठीचा रंग आणि सेटमधल्या नगांची संख्या बाजूला ठेवून आधी टोक बघायचं.

टोक घसरतं ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. लहान एमसीबीचं टर्मिनल साधारण २ न्यूटन-मीटर टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळायचं असतं. नेमका आकडा बहुतेक वेळा एमसीबीच्या अंगावर किंवा सोबतच्या कागदावर छापलेला असतो. ५.५ मिलिमीटर रुंदीच्या चपट्या टोकाने हा स्क्रू आवळला, तर टोकाचे दोन कोपरे खाचेच्या भिंतींवर विरुद्ध दिशांना दाबतात. दोन्ही दाबांमधलं अंतर साडेचार मिलिमीटर धरा. २ ला ०.००४५ ने भागलं की प्रत्येक कोपऱ्यावर सुमारे ४४० न्यूटन बल येतं. म्हणजे जवळजवळ ४५ किलो वजनाचा भार, तोही सुईच्या टोकापेक्षा जरा मोठ्या जागेवर.

टोकाच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर असतील, तर हे सगळं बल स्क्रू फिरवण्यात जातं. स्वस्त ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. तसं टोक खाचेच्या तळापर्यंत टेकतच नाही, वरच्या कडांवरच अडकतं. शिवाय बाजू तिरकी असल्यामुळे बलाचा काही भाग ड्रायव्हरला खाचेबाहेर ढकलतो. याला विरोध करतं ते फक्त घर्षण.

फळीवर खोडरबर ठेवून फळी हळूहळू तिरकी करत न्या. एका ठराविक कोनापर्यंत खोडरबर जागचं हलत नाही, तो कोन ओलांडला की घसरतं. त्याला घर्षणकोन म्हणतात. पोलादावर पोलाद असेल आणि घर्षणगुणांक ०.१५ धरला, तर हा कोन साडेआठ अंश येतो. टोकाच्या बाजूचा तिरकेपणा याहून कमी असेल, तर कितीही पिळलं तरी टोक बाहेर चढत नाही. तिरकेपणा २० अंश असेल तर? बाहेर ढकलणारं बल काढायला फिरवणाऱ्या बलाला २० वजा साडेआठ, म्हणजे साडेअकरा अंशांच्या टॅनने गुणायचं. तो टॅन ०.२ आहे. दोन कोपरे मिळून ८८० गुणिले ०.२, म्हणजे सुमारे १८० न्यूटन. तेवढा टॉर्क द्यायचा तर १८ किलोच्या जोराने ड्रायव्हर आत दाबून धरावा लागेल. शिडीवर उभं राहून, हात वर करून, हे जमणार नाही. टोकाला तेल किंवा ग्रीस असेल तर घर्षणगुणांक ०.१ पर्यंत उतरतो आणि कोन सहा अंशांच्याही खाली येतो. म्हणून काम सुरू करण्याआधी टोक फडक्याने कोरडं पुसायचं.

झिजलेलं टोक ग्राइंडरवर ‘धार लावून’ घेण्याची सवय याच कारणाने घातक आहे. धार लावली म्हणजे पाचर तयार झाली. टोक घासायचंच असेल तर दोन्ही बाजू समांतर ठेवून, थांबत थांबत, पाण्यात बुडवत घासा. पोलाद निळं पडलं तर ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलंय असं समजा. त्या टोकाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असतं आणि पुढच्या घट्ट स्क्रूवर ते मुडपतं.

‘प्लस’च्या स्क्रूंमध्ये हीच भानगड वेगळ्या रूपात आहे. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांच्या नावाच्या खाचेला १९३६ साली पेटंटं मिळाली. तिच्या बाजू मुळातच तिरक्या आहेत, त्यामुळे ती टोक बाहेर फेकते. पुढे आलेल्या पोझिड्राइव्ह खाचेच्या बाजू जवळजवळ समांतर आहेत. ओळखायचं कसं? पोझिड्राइव्ह स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हाच्या चार हातांमध्ये आणखी चार बारीक रेघा दिसतात. एमसीबीच्या टर्मिनलवर बहुधा हीच खाच असते, अनेकदा चपट्या खाचेसकट. त्यात पीएच-२ (फिलिप्सचं) टोक घातलं तर बसल्यासारखं वाटतं, पण कडांवरच अडकतं आणि जोर लागला की उसळतं. उलट पीझेड-२ (पोझिड्राइव्हचं) टोक फिलिप्सच्या खाचेत पूर्ण उतरतच नाही. आपल्याकडे दोन्हींना ‘प्लस’ म्हणून एकाच टोकाने हाणलं जातं आणि डोकी खराब होण्याचं हे मोठं कारण आहे.

घरच्या वायरिंगला चार ड्रायव्हर पुरतात. होल्डर, कनेक्टर आणि बारीक टर्मिनलसाठी ३ ते ३.५ मिलिमीटर रुंदीचा चपटा, जाडी ०.५ ते ०.६. टोकाच्या वर दांडी फुगलेली नको, नाहीतर खोल भोकात शिरत नाही. मोठ्या स्क्रूंसाठी ५.५ रुंद, १ मिलिमीटर जाड चपटा. एमसीबीसाठी पीझेड-२ आणि बोर्डाच्या स्क्रूंसाठी पीएच-२. दांडी १०० ते १२५ मिलिमीटर असावी. लांब ड्रायव्हरने जास्त जोर लावता येतो, हा समज चुकीचा आहे. टॉर्क मुठीच्या जाडीवर ठरतो. लांब दांडीमुळे हात खोलवर पोचतो आणि ड्रायव्हर सरळ धरणं सोपं जातं, एवढंच. बारीक ड्रायव्हरची मूठही बारीक असते ती मुद्दामच: त्या स्क्रूला अर्धा-पाऊण न्यूटन-मीटर पुरतो, जाड मूठ असती तर आटेच गेले असते.

दुकानात टोक उजेडासमोर धरून दोन्ही बाजू समांतर आहेत का पाहा. ड्रायव्हर काउंटरच्या काचेवर लोळवा. वाकडी दांडी डुगडुगते. ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरं कशावरही छापता येतात, त्यावरून पाणी नीट दिलंय का ते कळत नाही. ३१ नगांच्या सेटपेक्षा नाशिकच्या टापारियासारख्या जुन्या कंपनीचे सुटे चार नग घेणं कधीही शहाणपणाचं. टोकाला चुंबक असणं सोयीचं आहे, पण पितळी स्क्रू त्याला चिकटत नाही.

आता इन्सुलेशन. प्लॅस्टिकची मूठ आहे म्हणून ड्रायव्हर विजेच्या कामाचा होत नाही. बोट दांडीवर घसरलं आणि टोक फेजवर असलं, की शॉक. आयईसी ६०९०० या मानकाच्या ड्रायव्हरवर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. त्यांची चाचणी १०,००० व्होल्टवर झालेली असते, आणि चपट्या ड्रायव्हरचं टोक १५ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडं नसतं. अडचण एकच: स्लीव्ह (दांडीवरचं इन्सुलेशनचं आवरण) जाड असली तर ती एमसीबीच्या भोकात अडते. टोकाजवळ बारीक केलेली ‘स्लिम’ दांडी मिळते, तीच मागा. मुठीच्या मागच्या टोकाला पोलाद दिसत असेल, तर तो हातोडीने ठोकायचा ड्रायव्हर आहे, विजेच्या कामाला अजिबात नको. आणि रबरी चप्पल घातली की शॉक लागत नाही, हा विश्वास सोडून द्या. चप्पल ओली असते, झिजलेली असते, आणि दुसरा हात लोखंडी पेटीला टेकला तर करंट पायाकडे जातच नाही.

टेस्टर हा ड्रायव्हर नाही. त्याच्यात निऑनचा दिवा आणि साधारण १० लाख ओहमचा रोधक असतो. त्यामुळे अंगातून मिलिअँपिअरच्या चौथ्या हिश्श्याहून कमी करंट जातो. त्याने घट्ट स्क्रू पिळले की मूठ तडकते, आतला रोधक सैल होतो, आणि मग फेज असूनही दिवा लागत नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलात तर चांगला टेस्टरही मंद दिसतो. म्हणून आधी चालू सॉकेटवर टेस्टर लागतोय का पाहायचं, मग कामाच्या ठिकाणी लावायचा, मग परत चालू सॉकेटवर. कामाच्या ठिकाणची वीज बंद करणं त्याच्याही आधी.

दसऱ्याला हत्यारांची पूजा करण्याची रीत चांगली आहे. हळद-कुंकू वाहण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरची स्लीव्ह बोटाने चाचपून बघा. काही ड्रायव्हरना दोन रंगांचे थर असतात. वरचा थर कापला गेला की आतला रंग दिसतो. तो दिसला, किंवा चीर लागली, तर टेप गुंडाळून चालवायचं नाही. स्लीव्ह पूर्ण सोलून काढा आणि तो ड्रायव्हर सुतारकामाच्या पेटीत टाका.